शेवाळी भिंतीच्या पोटात



अक्षय तृतीयेच्या आधीच आमच्या घरात रंगाचा विषय निघाला. चातुर्मास सुरू झाला की घरात तोडफोड, रंगरंगोटी असला आरंभ नको, हा आमच्याकडचा जुना नियम. म्हणजे जे काही करायचं ते आषाढाच्या आत. सूनबाईने मोबाईलवर एक फोटो दाखवला. "आई, हॉलची ही एक भिंत अशी करूया का?" बघितलं तर गडद, काळपट हिरवा. इंग्रजीत त्याला ऑलिव्ह म्हणतात. आपण साडीच्या दुकानात गेलो तर याच्याच फिकट भावाला मेंदी म्हणू आणि गडदला शेवाळी.

सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "विहिरीची आतली बाजू आहे ही. पावसाळ्यात पायरीवर शेवाळ आलं की आम्ही त्यावर पाय पडू देत नव्हतो, अनंत जीव असतात म्हणून. आणि तुम्ही पैसे देऊन भिंतीवर चढवणार?"

सूनबाई हसली, मीही हसले. पण त्यांचं वाक्य डोक्यात राहिलं. रंगात जीव नसतो, रंग अजीव, हे खरं. पण तो बनतो कशाचा? मी महाविद्यालयात इतिहास शिकवला आहे, त्यामुळे एकदा प्रश्न पडला की पुस्तकं उघडल्याशिवाय चैन पडत नाही. हिरव्या भिंतीचा इतिहास वाचायला घेतला आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही.

आधी साधी गोष्ट. हिरवा रंग पानात फुकट असला तरी भिंतीवर आणणं फार अवघड होतं. पानाचा रस उन्हात उडतो. तांब्याचा गंज वापरला तर तो काळा पडतो. दगडातून मिळणारी हिरवी माती टिकाऊ, पण मंद. ही हिरवी माती आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, खडकाच्या पोकळ्यांमध्ये सापडते, आणि अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा तिचाच आहे. आपल्याला आणखी जवळचं उदाहरण म्हणजे तमिळनाडूत पुदुक्कोट्टईजवळचं सित्तन्नवासल. नवव्या शतकातल्या या जैन लेण्याच्या छतावर समवसरणातलं कमळांचं तळं रंगवलं आहे. त्यात मासे आहेत, हत्ती आहेत, फुलं वेचणारे भव्य जीव आहेत. तिथली हिरवी पानंही अशाच मातीच्या रंगाची. हजाराहून जास्त वर्षं झाली. जे उरलंय ते अजून हिरवं दिसतं, आणि गंमत म्हणजे ते झगझगीत नाही, जरा शेवाळीकडेच झुकतं.

गडद ऑलिव्ह बनवायची आणखी एक सोपी युक्ती आहे, ती मला माहीतच नव्हती. पिवळ्या मातीत, म्हणजे आपल्या रामरजसारख्या गेरूच्या पिवळ्या भावंडात, काळा रंग मिसळायचा. पिवळा आणि काळा मिळून हिरवट दिसतो. विश्वास बसत नसेल तर नातवंडांच्या रंगपेटीत करून बघा. आणखी हिरवेपणा हवा असेल तर काळ्याबरोबर थोडा निळा. युरोपातले जुने रंगारी घरांच्या लाकडी कामासाठी ऑलिव्ह असाच बनवत.

मग काळा कशाचा, आणि निळा कशाचा? इथे मी पहिल्यांदा थांबले.

काळा दोन प्रकारचा. एक दिव्याची काजळी, म्हणजे आपण बाळाच्या डोळ्यात घालायचो त्याच जातीची. दुसरा, हाडं बंद भांड्यात जाळून केलेली पूड. त्याला हाडांचा काळा म्हणतात, आणि चित्रकारांच्या नळ्यांमध्ये तो आजही मिळतो. निळा तर त्याहून वाईट. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्रशियन निळा हा रंग लागला. स्वस्त, गडद, टिकाऊ. त्याची कृती बरीच वर्षं गुपित होती, ती १७२४ साली लंडनमध्ये छापली गेली. त्या कृतीत बैलाचं वाळवलेलं रक्त क्षाराबरोबर भाजायचं होतं. पुढे कारखान्यांत रक्ताबरोबर शिंगं, खूर, कातड्याचे तुकडे, जे कत्तलखान्यात उरेल ते वापरलं जाऊ लागलं. रंगात शेवटी रक्त उरत नाही, रसायन बदलून जातं. पण आपण साखर हाडांच्या कोळशाने गाळली का, असं विचारणाऱ्या बायका आहोत. आपल्याला "शेवटी उरत नाही" एवढं उत्तर पुरत नाही.

अर्थात हा रंगही मंदच होता. लोकांना हवा होता तो वसंतातल्या गवताचा, झगझगीत हिरवा. तो दिला शेले नावाच्या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने, १७७५ साली. तांबं आणि सोमल यांचा संयुग. सोमल म्हणजे आर्सेनिक, आपल्या गोष्टींमध्ये सावत्र आई दुधात घालते ते. १८१४ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात त्याहूनही चमकदार जात निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय घरांच्या भिंती, पडदे, खेळणी, टोप्यांवरची कागदी फुलं, सगळीकडे हा हिरवा होता. पुढे याच रंगाची पूड अमेरिकेत बटाट्यावरची कीड मारायला शेतात फवारली गेली. किडे मारायचं औषध आणि बाळाच्या खोलीचा रंग, डबा एकच.

१८६१ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनमध्ये माटिल्डा शॉयरर नावाची एकोणीस वर्षांची मुलगी गेली. ती कृत्रिम फुलं बनवायची. मेणात बुडवलेल्या पानांवर हिरवी पूड भुरभुरायची, हे तिचं काम. ती पूड श्वासातून जायची, नखात बसायची, जेवणाबरोबर पोटात जायची. शेवटी तिला हिरव्या उलट्या झाल्या, डोळ्यांचे पांढरे भाग हिरवे झाले. शवविच्छेदनात तिच्या पोटात, यकृतात, फुफ्फुसांत सोमल सापडला. ज्या बायकांनी ती फुलं केसांत माळली त्यांना बहुतेक काहीच झालं नाही. पुढच्याच वर्षी लंडनच्या लाइमहाऊस या गरीब वस्तीत एका घरातली मुलं एकामागून एक दगावली. आधी सगळ्यांना घटसर्प वाटला. त्यांच्या खोलीला हिरवा कागद लावलेला होता.

हे कागद ओल धरलेल्या भिंतीवर जास्त त्रास देतात, असं डॉक्टरांच्या लक्षात येत होतं, पण का ते कळत नव्हतं. १८९० नंतर इटलीतल्या गोसिओने दाखवलं की अशा रंगावर बुरशी आली की ती एक वायू सोडते, आणि त्याला लसणाचा वास येतो. (आपल्या घरात लसूण नसतोच, त्यामुळे आपल्याला निदान लगेच संशय आला असता!) त्या वायूनेच माणसं मेली की भिंतीवरून झडणाऱ्या धुळीने, यावर आज शास्त्रज्ञांचं एकमत नाही. मला मात्र सासूबाईंचं शेवाळ आठवलं. भिंत कोरडी ठेवा, चुना द्या, ओलीत जीव उपजू देऊ नका, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं गेलं. कारण वेगळं असेल, सल्ला चुकीचा नव्हता.

आता मुद्द्याचा ऑलिव्ह इथे परत येतो. या झगझगीत हिरव्याची भीती बसू लागली तशी इंग्लंडमध्ये सुशिक्षित घरांची आवड बदलली. मंद, मातकट, सुकलेल्या पानांसारखे हिरवे पसंत पडू लागले. केवळ भीतीने नव्हे. कारखान्यातले नवे रासायनिक रंग फार भडक वाटत होते, आणि घरात गॅसचे दिवे आल्यामुळे भिंती काजळत होत्या. फिकट भिंत वर्षात मळायची, गडद ऑलिव्ह मळ पोटात घालायचा. आपल्या आयांनी मुलांना शाळेसाठी खाकी चड्डी का घेतली, तोच हिशेब.

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात १८६६ नंतर एक उपाहारगृह सजवलं गेलं. विल्यम मॉरिसच्या मंडळीचं काम. खाली कमरेच्या वर जाणारी हिरव्या रंगाची लाकडी तावदानं, त्यावर गिलाव्यात उठावाने काढलेल्या ऑलिव्हच्या फांद्या, सगळं गडद हिरवं. त्याला ग्रीन डायनिंग रूम म्हणत. ती खोली अजून आहे, लोक तिथे बसून चहा पितात. आज मासिकांत, इंस्टाग्रामवर जी ऑलिव्ह भिंत दिसते तिची आजी ही खोली म्हणायला हरकत नाही.

पण मॉरिसचं चरित्र वाचताना मन खट्टू झालं. तो निसर्गावर प्रेम करणारा, कामगारांच्या बाजूने बोलणारा माणूस. आणि त्याच्या घरचा पैसा आला होता डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स या खाणीतून. ती आधी तांब्याची खाण, पण तांबं संपत आल्यावर जगातल्या मोठ्या सोमल उत्पादकांपैकी एक झाली. मॉरिस स्वतः १८७१ ते १८७५ तिचा संचालक होता. त्याच्या सुरुवातीच्या वेलबुट्टीच्या कागदातल्या हिरव्यात सोमल होता, हे २००३ साली तपासून सिद्ध झालं. कागदातल्या विषाची ओरड झाली तेव्हा त्याने ती मनावर घेतली नाही. मला तो खलनायक वाटत नाही. पैसा जिथून येतो तिकडे बघायचं नाही, ही सवय आपल्यालाही आहेच.

आपल्या शास्त्राने मात्र तिकडे बघायला सांगितलं होतं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे दिले आहेत, पंधरा कर्मादानं. त्यात विषवाणिज्य आहे, लाक्षावाणिज्य आहे. विष विकू नका, लाखेसारख्या जीवजंतूंच्या हानीतून येणाऱ्या वस्तूंचा व्यापार करू नका. हे वाचून मला क्षणभर फार अभिमान वाटला. तेवढ्यात आठवलं, आपल्याच पोथ्यांत काय आहे?

हरताळ! "हरताळ फासला" असं आपण म्हणतो ना, ते यातूनच आलं. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा आणि वर बरोबर अक्षर लिहायचं. कागदाला कसर लागू नये म्हणूनही तो वापरायचे. हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचं खनिज. आणि आपल्याकडच्या चित्रकारांचा नेहमीचा हिरवा हा हरताळ आणि नीळ मिसळूनच बनायचा. पोथीतल्या झाडाची गडद हिरवी पानं बघताना आपण हात जोडतो. तो रंग घोटणाऱ्याचे हात कोणी पाहिले असतील का, कोण जाणे. लेखकूला कसर मरावी असं वाटत होतं की लागूच नये असं वाटत होतं, हेही मला ठरवता येत नाही. पण "इंग्रजांनी विष भिंतीला लावलं, आपण शुद्ध" असं लिहायला घेतलेलं वाक्य मी खोडलं. म्हणजे हरताळच फासला.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी सांगायला जड जाते.

आमच्या सांगलीच्या जुन्या घराला सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा चुनाच होता. सरस जनावराच्या कातड्याचा म्हणून तो चालायचा नाही, चुन्यात तांदळाची पेज नाहीतर डिंक घालायचे, आणि कुंचला घायपाताचा. पुढे घरात ऑईलपेंट आला, तो दारं-खिडक्यांना. सगळ्या गल्लीत एकच रंग होता, काळपट गडद हिरवा. शाळेच्या खिडक्या तशा, दवाखान्याच्या तशा, आमच्याही तशा. असा हिरवा ऑईलपेंट पुष्कळदा प्रशियन निळा आणि क्रोम पिवळा मिसळून होत असे. क्रोम पिवळा म्हणजे शिशाचा क्षार. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं, आणि त्याची सुरक्षित अशी मात्राच नाही. भारतात घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांत काय होतं, हे आता कोण सांगणार?

माझा मुलगा आठ-नऊ महिन्यांचा असताना आम्ही त्या खिडक्या घासून पुन्हा रंगवल्या. एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा कोरडाच सँडपेपर मारत होता. हिरवी धूळ सगळ्या खोलीभर. त्याच्या भुवया हिरव्या झाल्या होत्या आणि आम्ही सगळे त्याला हसलो होतो. मी त्याला तिथेच चहा दिला. फडक्याने तोंड बांध, असंही मी म्हटलं नाही. मुलगा शेजारच्या खोलीत रांगत होता. मी पाणी गाळून पिणारी, भाजी निवडताना अळी दिसली तर देठासकट अलगद बाहेर ठेवणारी बाई. माटिल्डाच्या हिरव्या डोळ्यांचं वर्णन वाचलं तेव्हा मला त्या पोराच्या भुवया आठवल्या. त्याचं नावही मला आठवत नाही. मुलगा ठीक आहे. त्या पोराचं पुढे काय झालं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

आपल्या घरातली हिंसा आरंभी, संकल्पी नाही, हे मला ठाऊक आहे. गृहस्थाला घर बांधावं लागतं, सारवावं लागतं, रंगवावं लागतं. पण आरंभी हिंसेलाही यत्नाचार सांगितलाय. यत्न केलाच नव्हता, एवढंच.

म्हणून या वेळी मी दुकानात स्वतः गेले. सूनबाई बरोबर होती. शेडकार्ड झाल्यावर मी दुकानदाराला विचारलं, "दादा, यातला काळा कशाचा?" तो दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने कंपनीच्या माणसाला फोन लावला. पिवळा लोखंडाच्या गंजाचा, काळाही लोखंडाचाच, असं उत्तर आलं. तुम्हालाही विचारायचं असेल तर रंगद्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक असतात ते लक्षात ठेवा. हाडांचा काळा पीबीके ९, काजळीचा काळा पीबीके ७, लोखंडाचा काळा पीबीके ११. पिवळ्या लोखंडाचा पीवाय ४२. दुसरा प्रश्न ब्रशचा. चांगल्या जुन्या पद्धतीच्या ब्रशचे केस डुकराचे असतात. आपल्या कानपूरहून अशा केसांचा मोठा व्यापार चालायचा. आता नायलॉनचे ब्रश आणि रोलर सगळीकडे मिळतात, पण सांगावं लागतं, नाहीतर रंगारी त्याच्या पिशवीतला काढतो.

भिंतीवर ऑईलपेंट कधीच नव्हता, त्यामुळे ती सोपी होती. तरीही घासताना पाणी मारून घासायला सांगितलं. मास्क मी आणून दिले, आणि रंगाऱ्याने ते लावलेत ना हे दिवसातून चारदा बघितलं. तो वैतागला असणार. सूनबाई आणि नात आठ दिवस माहेरी पाठवली.

जाता जाता एक गंमत. ऑस्ट्रेलियाने सिगारेटच्या पाकिटांसाठी जगातला सगळ्यात नकोसा वाटणारा रंग शोधला. लोकांना दाखवून दाखवून निवडला तो काळपट ऑलिव्ह निघाला. सरकारने त्याला ऑलिव्ह ग्रीन म्हटलं, तर तिथल्या ऑलिव्ह पिकवणाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली, आमच्या फळाची बदनामी नको म्हणून. मग त्याचं नाव मळकट तपकिरी झालं. हे मी सूनबाईला सांगितलं नाही. भिंत झाल्यावर सांगितलं.

भिंत छान दिसते. सकाळी पूर्वेचं ऊन आलं की पिवळसर, संध्याकाळी जवळजवळ काळी. त्यापुढे पितळी समई ठेवली की डोळे निवतात. सासूबाई तीन दिवस काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची फिरवून भिंतीसमोर लावून घेतली आणि माळ हातात घेतली. मी विचारलं, "विहीर आवडली का?"

"पंचपरमेष्ठींत उपाध्यायांचा रंग हिरवाच आहे," त्या म्हणाल्या. "आणि पार्श्वनाथ भगवंतांचा. पण एवढा काळपट नाही हो." आणि जप सुरू केला.

जुन्या घराच्या खिडक्या अजून तशाच आहेत, त्याच काळपट हिरव्या. कडेला पापुद्रे सुटलेत. नात तिथे गेली की खिडकीच्या कठड्याला तोंड लावते, म्हणून आम्ही आता त्या खोलीला कडी घातली आहे. चातुर्मास संपल्यावर त्यांचं काम काढणार. ओल्या घासकामाची पद्धत नीट माहीत असलेला रंगारी तुमच्या ओळखीत असेल तर जरूर कळवा.